मुलांच्या घरातील कुत्रे: एका निवडीचा इतिहास

ज्या घरात रांगती-खेळती मुले आहेत त्या घरात कोणत्या कुळीचे कुत्रे आणावे, हा प्रश्न आजचा शहरवासी गृहस्थ जेव्हा विचारतो तेव्हा लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर, बीगल, पॉमेरेनियन अशी काही विलायती नावे त्याच्यासमोर असतात, आणि त्यांतील एखादे निश्चित झाले की निवडीचे काम संपले अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. प्रश्न मात्र या नावांहून कितीतरी प्राचीन आहे. आपल्या देशात त्याची उत्तरे शतकानुशतके दिली जात आहेत, आणि त्या उत्तरांचे दोन प्रवाह स्पष्ट दिसतात: एक प्राण्याच्या अंगावरील लक्षणे आणि त्याचे कूळ पाहणारा, आणि दुसरा तो प्राणी कोणाच्या सहवासात, कोणाच्या हातचे खाऊन वाढला हे पाहणारा. पहिल्या प्रवाहाने ग्रंथ लिहवले, राजांचे शिकारखाने भरले, पदके आणि वंशावळीची प्रमाणपत्रे निर्माण केली. दुसरा प्रवाह धनगरांच्या, शेतकऱ्यांच्या आणि घरोघरीच्या बायकामुलांच्या व्यवहारात राहिला, म्हणून त्याचे दफ्तर कोठे सापडत नाही. मुलांच्या हिताच्या दृष्टीने पाहता या दुसऱ्या प्रवाहाचे ज्ञान अधिक खोल होते असे माझे मत आहे, आणि ते का आहे हे त्या रीतीच्या इतिहासातूनच सांगण्याचा येथे प्रयत्न आहे.

लक्षणांच्या प्रवाहाचा सर्वांत व्यवस्थित ग्रंथाधार सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मिळतो. रत्ने, गायी, घोडे, हत्ती, छत्र, चामर, खड्ग अशा राजाच्या व गृहस्थाच्या संग्रही असणाऱ्या अनेक वस्तूंची व प्राण्यांची शुभाशुभ लक्षणे सांगणाऱ्या या ग्रंथात कुत्र्यालाही एक छोटा स्वतंत्र अध्याय लाभला आहे. ज्याच्या तीन पायांना पाच-पाच नखे आणि पुढच्या उजव्या पायाला सहा नखे आहेत, ज्याचे ओठ व नाकाचा शेंडा तांबूस आहे, जो सिंहासारखा चालतो आणि भूमी हुंगत जातो, ज्याचे शेपूट झुपकेदार, डोळे अस्वलासारखे आणि कान लांब व मऊ आहेत, असा कुत्रा पाळणाऱ्याच्या घरी लवकरच लक्ष्मी आणतो, असे तेथे सांगितले आहे; आणि ज्या पिंगट, वाकड्या शेपटीच्या व लोंबत्या कानांच्या कुत्रीच्या पुढच्या डाव्या पायाला सहा नखे असतात ती पाळणाऱ्याच्या राष्ट्राचे रक्षण करते, असेही. साधारण कुत्र्याला अठरा नखे असतात आणि मागच्या पायांना वरच्या बाजूस जास्तीचे नख असलेल्या कुत्र्याला वीस, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या वर्णनातील नखांच्या हिशेबाचे आश्चर्य वाटणार नाही. कारण वीस नखांचे कुत्रे राखणीला उत्तम, ही समजूत खेड्यापाड्यांतून आजही टिकून आहे आणि पिल्लू घरी आणण्यापूर्वी त्याचा पाय उलटून पाहणारे लोक अजून भेटतात. वराहमिहिराच्या त्या अध्यायात गृह आहे, श्री आहे, राष्ट्र आहे. मूल मात्र नाही. लक्षणशास्त्राचा हा उणेपणा पुढे विलायतेत निराळ्या वेषाने पुन्हा प्रकट झाला, हे आपण यथावकाश पाहू.

सहवासाच्या प्रवाहाचा आधार याहून जुन्या वाङ्मयात आहे. रामायणाच्या अयोध्याकांडात भरत आजोळाहून निघतो तेव्हा केकयराज त्याला जी भेट देतो तीत हत्ती, घोडे व सुवर्ण यांच्याबरोबर धिप्पाड देहाचे, वाघासारख्या बळाचे आणि दाढा हेच ज्यांचे आयुध असे कुत्रेही आहेत; आणि त्यांचे वर्णन करताना कवीने आवर्जून सांगितले आहे की ते अंतःपुरात वाढवलेले होते. या एका विशेषणापाशी थांबणे आवश्यक आहे. वाघाच्या तोडीचे कुत्रे शिकारीसाठी वा पहाऱ्यासाठी हवे असतील तर ते माहुताच्या, मोतद्दाराच्या किंवा शिकाऱ्याच्या हाती वाढवावेत, हे कोणालाही सुचेल; परंतु केकयांच्या घरी ते राण्यांच्या, दासींच्या आणि राजकुळातील बालकांच्या पायांत वाढले होते, आणि हे त्यांचे भूषण म्हणून सांगण्याजोगे होते. बलवान प्राणी माणसाच्या घरात वाढला तरच त्याचे बळ घराच्या उपयोगी पडते, हा अनुभव त्या वर्णनामागे उभा आहे असे मला वाटते.

महाभारताच्या आरंभीच येणारी सरमेची कथाही याच अंगाने वाचता येते. कुरुक्षेत्री जनमेजयाचे सत्र चालू असताना तेथे आलेल्या एका पिल्लाला त्याचे भाऊ मारतात. ते रडत आईकडे जाते, आणि हविर्द्रव्याकडे पाहिलेही नसताना आपल्या लेकराला का मारले, असा जाब सरमा राजाला विचारते व उत्तर न मिळाल्याने त्याला शाप देते. युधिष्ठिराबरोबर स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेल्या कुत्र्याची कथा सर्वांच्या तोंडी असते, पण हा ग्रंथ ज्या कुत्रीच्या न्याय्य संतापाने सुरू होतो तिचे स्मरण फार थोड्यांना असते, याची खंत वाटते. घरातील थोरांनी लहान प्राण्याशी कसे वागावे हा विषय आपल्या सर्वांत मोठ्या ग्रंथाने आपल्या उंबरठ्यावरच ठेवला आहे.

दख्खनच्या भूमीवर माणूस आणि कुत्रा यांचा सहवास ग्रंथांहूनही मागे नेता येतो. प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ साली सापडलेल्या ताम्रमूर्तींपैकी जो बैल जुंपलेला रथ आहे, त्याच्या दांडीवर एक कुत्रे उभे आहे. हत्ती, गेंडा व म्हैस यांच्या भव्य आकृतींपुढे ते लहानसे वाटते, परंतु हाकणाऱ्या माणसाच्या इतक्या निकट असलेला प्राणी तोच एक आहे. पुढे राष्ट्रकूटांच्या काळात, इसवी सन ९४९-५० मधील आतकूरच्या शिलालेखात, मणलेर नावाच्या योद्ध्याने रणातील पराक्रमाबद्दल गंग राजा बूतुगाकडे धन वा गाव न मागता काली नावाचे कुत्रे मागून घेतल्याचे आणि ते कुत्रे रानडुकराशी झुंजून, त्याला मारून स्वतः मेल्याचे नमूद आहे. त्याच्या स्मरणार्थ शिळा उभारली गेली व तिच्या पूजेसाठी जमीन लावून देण्यात आली. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लासात राजाच्या वीस विनोदांमध्ये सारमेयविनोदाला स्थान आहे. मराठेशाहीत अठरा कारखान्यांपैकी एक शिकारखाना असे. रायगडावरील वाघ्याच्या समाधीसंबंधी जो वाद चालत आला आहे त्यात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. या साऱ्या उल्लेखांत कुत्रे आहे ते राजाचे, योद्ध्याचे वा शिकाऱ्याचे. मुलांच्या कुत्र्यासाठी आपणास दरबार सोडून माळावर जावे लागते.

माण, आटपाडी, फलटण या कमी पावसाच्या मुलखातील धनगरांचे वाडे दिवाळीनंतर मेंढरे घेऊन कोकणाकडे उतरतात आणि पावसाळ्यापूर्वी माघारी येतात, ही रीत पिढ्यान्पिढ्यांची आहे. घोड्यांच्या पाठीवर बिऱ्हाड लादलेले असते; भांडी, वाकळा, जाळी, कोंबड्या आणि चालू न शकणारी कोकरे यांच्यामध्येच घरातील लहान मूल बसवलेले असते. पुरुष मेंढरांबरोबर पुढे जातात, बाया घोडे हाकत मागून येतात, आणि दर दोन-चार रात्रींनी वाड्याचा मुक्काम कोणा वेगळ्याच शेतकऱ्याच्या रानात पडतो, कारण मेंढरे शेतात बसवून खत देणे आणि त्याबदली धान्य वा पैसा घेणे हाच तो जुना व्यवहार असतो. अशा जीवनात कुत्र्याने सांभाळायचे असते ते कोणतेही कायमचे घर नव्हे. त्याला कुंपण नाही, दार नाही, ओळखीचा रस्ता नाही. त्याने सांभाळायचा असतो तो एक हलता गोतावळा, ज्यात मेंढरू आणि मूल यांच्यामध्ये फारसा भेद नसतो. बाभळीच्या फांदीला बांधलेल्या झोळीत तान्हे निजलेले असताना बाई पाण्याला गेली तर कुत्रे तेथेच पडून राहावे, आणि रात्री लांडगा आला तर त्याच कुत्र्याने त्याच्यावर तुटून पडावे, अशी ही दुहेरी अपेक्षा आहे. ती कोणत्याही एका शारीरिक लक्षणाने पुरी होणारी नाही. ती पुरी होते ती एवढ्यानेच की पिल्लू जन्मल्यापासून मेंढरांच्या उबेत आणि मुलांच्या हातांत असते, आणि ज्यांना त्याने सांभाळायचे त्यांना ते आपल्याच कळपातील समजून मोठे होते. खंडोबाच्या मूर्तीशेजारी घोड्याच्या पायांपाशी जे कुत्रे दिसते आणि जेजुरीचे वाघे ज्या कुत्र्याची भूमिका स्वतःकडे घेऊन देवापुढे भुंकतात, त्याला दैवतपदाजवळ नेणारी माणसे याच मेंढपाळी जगातील होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या भक्तीमागील कृतज्ञता उमगते.

गावातील रीत याहून स्थिर आणि तितकीच शहाणी होती. पावसाळा सरताना माजावर आलेली कुत्री थंडीच्या तोंडावर कोणाच्या तरी गोठ्यात, कडब्याच्या गंजीखाली किंवा पडक्या भिंतीच्या आडोशाला विते. त्या ठिकाणाचा सुगावा सर्वांआधी मुलांना लागतो. मुले पोते अंथरतात, विटांचा आडोसा करतात, आईची नजर चुकवून दूध आणि भाकरी नेतात. पिल्लांचे डोळे उघडण्याआधीच त्यांची नावे ठरलेली असतात, आणि मोती, खंड्या, वाघ्या, राजा ही नावे पिढ्यान्पिढ्या फिरून तीच असतात. पिल्ले दूध तोडण्याजोगी झाली म्हणजे घरोघरचे लोक निवडीला येतात, आणि येथे परीक्षा सुरू होते. कानाला धरून उचलले असता जे ओरडत नाही ते पिल्लू चिवट, अशी एक कठोर परीक्षा सांगतात, जिचे मला समर्थन करवत नाही. पण जाणते म्हातारे हे सोडून दुसरेच पाहत. कुत्री कोणाची, ती अनोळखी माणसावर नुसती भुंकते की आडून चावते, तिच्या मागच्या वेतातील पिल्ले कोणाकडे गेली आणि त्यांनी कोणाला त्रास दिला का, एवढी चौकशी झाल्यावरच ते हात पुढे करीत. गाव लहान असल्याने या चौकशीची उत्तरे खोटी देता येत नसत. तीन-चार वर्षांचे पोर ज्याच्या पाठीवर बसू पाहते आणि तरीही जे गुरगुरत नाही, असे पिल्लू त्या घरच्या वाट्याला येई. आणि या निवडीचे खरे श्रेय ते पिल्लू दोन महिने ज्या मुलांनी हाताळले त्यांचे असे. मुलांसाठी कुत्रे निवडले जात होते असे म्हणण्यापेक्षा मुलेच ते घडवीत होती, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

या सहवासाला एक मर्यादाही होती आणि ती लपवू नये. कुत्र्यासाठी घास काढून ठेवण्याची भूतयज्ञाची कल्पना, दत्ताच्या पायांशी वेदरूपाने बसलेली चार कुत्री, भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव, या सर्वांनी मराठी मुलाच्या मनात कुत्र्याविषयी माया पेरली; परंतु सोवळ्याओवळ्याच्या कडक नियमांनी त्याच कुत्र्याला उंबरठ्याबाहेर ठेवले. अंगण, ओटा आणि फार तर पडवी एवढाच त्याचा मुलूख. स्वयंपाकघरात शिरलेल्या कुत्र्याला हाकलले जाई. गोठा, खळे आणि अंगण असलेल्या घराला ही सीमा जाचक नव्हती. पुढे माणसे चाळीत आणि सदनिकेत राहायला आली, अंगणच नाहीसे झाले, तेव्हा कुत्रे एक तर घराच्या पूर्ण आत आले किंवा पूर्ण बाहेर रस्त्यावर गेले, आणि मधली जागा उरली नाही.

राजघराण्यांच्या अभिमानातून जे एक कूळ दख्खनने जपले त्याची हकिकत विस्ताराने सांगण्याजोगी आहे. उंच, शेलाटे, खोल छातीचे, आत ओढलेल्या पोटाचे आणि लांबट मस्तकाचे कारवानी कुत्रे महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकाच्या कोरड्या पठारावर फार पूर्वीपासून आहे, आणि पश्चिम आशियातून आलेल्या तांड्यांबरोबर ते इकडे आले अशी परंपरा आहे. आखूड केसांचे ते कारवानी आणि कानांवर व शेपटीवर रेशमी झालर असलेले ते पश्मी, असा भेद मराठवाड्यात करतात. मुधोळचे घोरपडे हे मराठा संस्थानिक. त्यांच्यापैकी मालोजीरावांनी या कुळाच्या पैदाशीला आश्रय दिला आणि इंग्लंडचे बादशहा पाचवे जॉर्ज यांना एक जोडी नजर केली, तेव्हापासून मुधोळचे कुत्रे हे नाव सर्वत्र झाले असे सांगतात. संस्थान १९४८ साली विलीन झाले, मुधोळ आज बागलकोट जिल्ह्यात आहे, २००५ साली भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर काढलेल्या चार तिकिटांत या कुळाला स्थान मिळाले, आणि तेथील अनेक शेतकरी व धनगर कुटुंबांना त्याच्या पिल्लांतून अजून उत्पन्न मिळते.

हे कुत्रे मुलांच्या घरी योग्य की अयोग्य, असे विचारणाऱ्याला मुधोळच्या परिसरातील पाळणारे जे सांगतात त्यात फार अर्थ आहे. ते घरच्या माणसांशी मवाळ असते, पण अनोळखी हाताचा स्पर्श त्याला सहसा रुचत नाही; ते नजरेने शिकार करणारे असल्याने समोरून धावत जाणारी वस्तू त्याला थरारून टाकते; आणि दररोज मोकळ्या रानात भरधाव धावायला मिळाले नाही तर ते कष्टी व अस्वस्थ होते. ज्या घरातील चार मुले त्याच्याबरोबर शेतावर वाढतात त्या घरात ते शांतपणे मुलांच्या अंथरुणाशी निजते, आणि ज्या घरात मुलांचे सोबती रोज नवे येतात व मोकळी जमीन दोन खोल्यांपुरती असते त्या घरात तेच कुत्रे दुःखी होते. कूळ एकच, प्राणी एकाच वेतातील भाऊभाऊही असू शकतात. फरक परिसराचा आहे. म्हणूनच देशाभिमानापोटी मुंबईतील सदनिकेत कारवानी पिल्लू आणणाऱ्या गृहस्थाची सदिच्छा मान्य करूनही ती निवड मला त्या प्राण्यावर अन्याय करणारी वाटते.

मुंबईचाच विषय निघाला म्हणून १८३२ सालच्या प्रसंगाची आठवण देतो. मोकाट कुत्री मारण्याचा सरकारी हुकूम अमलात आणणारे शिपाई, कुत्र्यामागे मिळणाऱ्या इनामाच्या लोभाने, त्या वर्षी जून महिन्यात पारशी वस्तीतील कुत्र्यांच्या मागे लागले, आणि कुत्र्याला पवित्र मानणाऱ्या त्या समाजात क्षोभ उसळून शहराचे व्यवहार बंद पडले. मृताच्या देहावर कुत्र्याची दृष्टी पडावी असा सगदीदचा विधी ज्यांच्या धर्मात आहे आणि ज्यांच्या घरी कुत्र्याचा घास नित्य बाजूला काढला जाई, त्यांना तो हुकूम घरातील माणसावर हात टाकल्यासारखा वाटला. मोकाट आणि घरचे यांतील सीमा दफ्तरातील शब्दांनी ठरवता येत नाही, कारण गल्लीतील कुत्रे कोणाचेच नसून सगळ्यांचे असते, हे त्या दंग्याने सरकारला दाखवून दिले.

परंतु सरकारची भीतीही निराधार नव्हती. अलर्क, म्हणजे पिसाळलेल्या कुत्र्याचा रोग, हाच मूल आणि कुत्रे यांच्यामधला सर्वांत भयंकर अडसर होता, आणि आजही संशयित पिसाळलेल्या जनावराने चावलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालील मुले असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलाचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतो, त्याला गुरगुरण्याचा अर्थ कळत नाही, आणि चावा लहानसा असला तर मार मिळेल या भीतीने ते घरी सांगत नाही. पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी ज्याला प्रथम लस टोचली तो जोझेफ माइस्टर नऊ वर्षांचा मुलगा होता. आपल्याकडे १९०० साली कसौलीस आणि १९०७ साली कुन्नूरला पाश्चर संस्था उभ्या राहिल्या; कसौलीच्या डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये सिद्ध केलेली लस पुढे जवळजवळ शतकभर वापरात राहिली, आणि पोटात घ्यावयाच्या चौदा सुया ही तिची कीर्ती प्रत्येक मराठी घरात पोचली. त्या चौदा सुयांच्या धाकाने कित्येक आयांनी मुलांना कुत्र्याच्या वाऱ्यालाही उभे राहू दिले नाही. आता ती लस गेली, दंडात घ्यावयाच्या थोड्या आणि सौम्य मात्रा आल्या, पाळलेल्या कुत्र्याला दरवर्षी लस टोचून घेता येते. तरीही निवडीचा विचार करणाऱ्याने कुळाच्या आधी लसीचा विचार करावा, हा त्या काळाने फार मोठी किंमत घेऊन शिकवलेला धडा आहे.

याच सुमारास विलायतेत लक्षणांचा प्रवाह एका नव्या टोकाला पोचत होता. कुत्र्यांचे पहिले रीतसर प्रदर्शन न्यूकॅसल येथे १८५९ साली भरले आणि त्यात केवळ शिकारी पॉइंटर व सेटर होते. लंडनचा केनेल क्लब १८७३ मध्ये स्थापन झाला आणि पुढच्या वर्षी त्याचे वंशावळीचे पुस्तक निघाले. आज जी कुळे आपण सनातन समजतो त्यांपैकी बहुतेकांची सनद या दीडशे वर्षांतील आहे. तोपर्यंत कूळ ठरे ते कामावरून, आणि मुलांशी मवाळ म्हणून ज्या कुत्र्यांची ख्याती झाली तीही त्यांच्या कामातूनच आली. लॅब्राडोरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांबरोबर पाण्यात उतरत, आणि इंग्लंडमध्ये आल्यावर त्यांना गोळी लागून पडलेला पक्षी दातांचा व्रण न उमटवता मालकाच्या हाती आणून देण्याचे काम मिळाले. स्कॉटलंडमधील गुइसाकन येथे लॉर्ड ट्वीडमाउथ यांनी १८६८ मध्ये ज्या पिवळ्या कुत्र्यांची पैदास सुरू केली त्यांच्याकडूनही हेच काम अपेक्षित होते. जो जबडा मेलेल्या पाखराचे पीस मोडत नाही तो मुलाचा हात सहज धरून सहज सोडतो, आणि जो प्राणी बंदुकीच्या आवाजाने दचकत नाही तो मुलांच्या आरडाओरड्यालाही दचकत नाही. याउलट जर्मनीत माक्स फोन श्टेफानिट्स यांनी १८९९ साली ज्या मेंढपाळी कुत्र्याला एका संघाच्या नियमात बांधले त्याच्या रक्तात कळप गोळा करण्याची ओढ आहे, आणि अंगणात पळणाऱ्या मुलांना टाचेशी हुसकून एकत्र आणण्याचा त्याचा प्रयत्न कित्येकदा चावा समजला जातो. प्रदर्शनांनी मात्र कामाची परीक्षा बाजूला ठेवून कानाची ठेवण, शेपटीचा बाक, केसांचा रंग यांना गुण दिले, आणि वराहमिहिराच्या नखांप्रमाणेच येथेही मूल कोठे राहिले नाही.

या प्रदर्शनी कुळांचे वारे लष्करी छावण्यांतून आणि साहेबांच्या बंगल्यांतून आपल्या शहरांत आले. राणी व्हिक्टोरियाने १८८८ साली फ्लॉरेन्सहून आणलेल्या चिमुकल्या पॉमेरेनियनने त्या कुळाला प्रतिष्ठा दिली. आपल्या मध्यमवर्गीय घरांत पॉमेरेनियन म्हणून जे पांढरे, झुबकेदार कुत्रे पुढे घरोघर दिसू लागले ते बहुतेक इंडियन स्पिट्झ होते, आणि १९९४ च्या एका अतिशय लोकप्रिय हिंदी चित्रपटातील टफीने त्याची मागणी आणखी वाढवली. ते कुत्रे आपल्या हवेला सोसणारे होते, दूधभातावर जगणारे होते. त्याची निवड नक्कल म्हणून झाली असली तरी ती सर्वस्वी वाईट नव्हती. २००३ साली एका दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीत एका लहान मुलाच्या मागे मागे चालणारा पग दिसला, आणि त्यानंतर घरोघरच्या मुलांनी जो हट्ट धरला त्याचे परिणाम मात्र दुःखदायक झाले. चपट्या नाकाचा हा प्राणी चीनच्या राजवाड्यांतून हॉलंडमार्गे इंग्लंडला गेला. त्याच्या आखूड श्वासमार्गाला वैशाखातील विदर्भाची किंवा मुंबईच्या दमट उन्हाळ्याची झळ सोसत नाही, आणि मुलाबरोबर धावणे, ज्यासाठी त्याला आणले, तेच त्याला सर्वांत कठीण जाते. लडाखी लोकरीचा अंगरखा घालून चंद्रपुरास राहायला यावे तसे त्याचे येथील जिणे आहे. मुलांना यात दोष देता येणार नाही. त्यांना जे दाखवले गेले ते त्यांनी मागितले. थोरांनी त्या वेळी गावाकडच्या म्हाताऱ्याचे दोन प्रश्न विचारले असते तर हजारो प्राण्यांची घुसमट टळली असती.

विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत मेन राज्यातील बार हार्बर येथे जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर यांनी बीगल, कॉकर स्पॅनियल, बसेंजी, शेटलंड मेंढपाळी कुत्रा व फॉक्स टेरियर या पाच कुळांवर दीर्घकाळ जे निरीक्षण केले आणि १९६५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, त्यातून असे दिसले की पिल्लाच्या आयुष्यातील सुमारे तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांचा काळ निर्णायक असतो. या अवधीत ज्यांचा सहवास मिळतो त्यांना ते आपले मानते, आणि चौदा आठवड्यांपर्यंत माणसापासून दूर वाढवलेली पिल्ले पुढे माणसाला भिऊनच राहतात. २०२२ मध्ये अमेरिकन संशोधकांनी अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या पालकांकडून माहिती घेऊन आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांचे आनुवंशिक परीक्षण करून असे दाखवले की एकेका कुत्र्याच्या वागण्यातील भेदांपैकी केवळ ९ टक्के भेद त्याच्या कुळावरून सांगता येतात. केकयांचे अंतःपूर, धनगराचा वाडा आणि गोठ्यातील विटांचा आडोसा यांत जे घडत होते त्याचे हे सप्रमाण विवरण आहे. कुळाला महत्त्व नाही असा याचा अर्थ नव्हे. पगाचे नाक आणि कारवानीचे पाय कोणत्याही संस्काराने बदलत नाहीत. देह कुळाचा असतो, म्हणून हवा, जागा आणि व्यायाम यांचा विचार कुळावरून करावा लागतो. मुलांशी वागण्याची रीत मात्र बव्हंशी त्या आठ-दहा आठवड्यांत ठरते.

आजच्या शहरी खरेदीत नेमकी हीच गोष्ट दिसेनाशी झाली आहे. दुकानातील पिंजऱ्यात असलेल्या पिल्लाची आई कोठे आहे, ती कशी आहे, त्याने आजवर एखादे मूल पाहिले आहे का, हे विकणाऱ्यालाच ठाऊक नसते. आणि चार आठवड्यांत आईपासून तोडलेले पिल्लू दिसायला अधिक गोंडस असल्याने लवकर विकले जाते, जरी दात किती जोराने लावावेत हे ते आईकडून आणि भावंडांकडून अद्याप शिकलेले नसते. सरकारने या व्यवहारावर बंदोबस्त आणण्याचे यत्न केले आहेत. २०१६ साली व्यापारी पैदाशीसाठी होणाऱ्या आयातीवर निर्बंध आले. मार्च २०२४ मध्ये २३ कुळांना हिंस्र ठरवून त्यांच्या विक्रीवर व पैदाशीवर बंदी घालण्यास सांगणारे केंद्राचे परिपत्रक निघाले आणि पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केले. कुळांच्या यादीने हिंस्रपणा आवरता येईल ही कल्पना पुन्हा लक्षणांच्याच प्रवाहातली होती. या दोहोंपेक्षा २०१७ सालचे पैदाशीचे व विक्रीचे नियम मला अधिक मोलाचे वाटतात, कारण पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे आणि आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता कामा नये, असे ते सांगतात. त्यांची अंमलबजावणी आज ढिली आहे. पिल्लू घेऊ इच्छिणाऱ्या आईबापांनी विक्रेत्याकडे नोंदणीचा दाखला मागावा, वेत जेथे आहे तेथे स्वतः जावे, आपली मुले बरोबर न्यावीत, आणि कुत्री आपल्या पिल्लांपाशी त्या मुलांना येऊ देते की नाही हे शांतपणे बसून पाहावे. तेवढी मोकळीक जो विक्रेता देत नाही त्याच्याकडचे पिल्लू, मग त्याची वंशावळ कितीही लांब असो, घेऊ नये.